खेळाडूचे श्रम आणि त्यांचा मोबदला

(हिंगोली जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



अर्थशास्त्राच्या वर्गात श्रमाची व्याख्या शिकवताना शेत, गिरणी, खाण यांची उदाहरणे देण्याचा प्रघात आहे. खेळाचे मैदान त्या यादीत येत नाही. खेळ म्हणजे फावल्या वेळचा विरंगुळा, ही समजूत इतकी रुजली आहे की वर्षानुवर्षे मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलीला ‘बाकी काम काय करतेस?’ असे विचारताना कुणालाच संकोच वाटत नाही. ही समजूत दोन स्त्री-खेळाडूंच्या कारकिर्दीवर तपासून पाहावयास हवी. त्यांपैकी एक आपल्या मराठवाड्याची आहे, दुसरी डेन्मार्कची.

धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघाने २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी त्या तुळजापूर तालुक्याच्या क्रीडा अधिकारी होत्या. पुरस्कार जाहीर झाल्यावर त्यांनी जे सांगितले ते टाळ्यांच्या गजरात हरवू नये. सुमारे दहा वर्षे त्यांनी एकवेळच्या जेवणावर काढली होती. वडिलांना शारीरिक मर्यादांमुळे कमाई नव्हती. आईचे शिवणकाम आणि आजी-आजोबांची किरकोळ मोलमजुरी यांवर घर चालत होते. ज्या वर्षी सुवर्णपदक आले, त्याच वर्षी आर्थिक विवंचनेपोटी खेळ सोडून देण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता.

खो-खोला भांडवल जवळजवळ लागत नाही. दोन खांब, चुन्याच्या रेषा आणि सपाट माती एवढ्यावर खेळ उभा राहतो. म्हणूनच तो गरिबांच्या मुलींपर्यंत पोहोचला. पण भांडवल लागत नाही याचा अर्थ खर्च होत नाही, असा नव्हे. सारा खर्च खेळणाऱ्या मुलीच्या शरीरातून आणि तिच्या आईच्या शिवणयंत्रावरून वसूल होतो. देशाच्या नावावर जमा झालेल्या सुवर्णपदकात त्या माउलीची गुंतवणूक होती. तिची नोंद मात्र कोणत्याही ताळेबंदात नाही.

आता डेन्मार्ककडे वळू. पर्निले हार्डर ही ईकास्ट या गावी १९९२ साली जन्मलेली फुटबॉलपटू. स्वीडनमधील लिनशोपिंग, जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग, लंडनचा चेल्सी आणि २०२३ पासून म्युनिकचा बायर्न, असा तिचा व्यावसायिक प्रवास. २०१८ आणि २०२० या दोन्ही वर्षी ती युरोपातील सर्वोत्कृष्ट महिला खेळाडू ठरली. २०२० मध्ये चेल्सीने तिच्यासाठी मोजलेली रक्कम महिला फुटबॉलमधील तोवरची सर्वांत मोठी म्हणून गाजली. परंतु कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी अशी तिच्या कारकिर्दीतील घटना २०१७ सालची आहे.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये हार्डरच्या नेतृत्वाखाली डेन्मार्कचा संघ युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सकडून ४-२ असा पराभूत झाला. देशभर कौतुक झाले. पण त्याच सुमारास खेळाडूंची संघटना आणि राष्ट्रीय फुटबॉल महासंघ यांच्यातील कराराची बोलणी फिसकटली होती. वाद केवळ पैशांचा नव्हता. देशासाठी खेळणाऱ्या या स्त्रिया महासंघाच्या कर्मचारी मानावयाच्या की नाही, हाही त्याचा गाभा होता. सप्टेंबरमधील नेदरलँड्सविरुद्धचा मैत्रीपूर्ण सामना रद्द झाला. २० ऑक्टोबरला स्वीडनविरुद्ध विश्वचषक पात्रतेचा सामना होता. तोही झाला नाही. तो स्वीडनने ३-० असा जिंकल्याचे ठरविण्यात आले आणि महासंघाला दंड झाला. पुरुष खेळाडूंनी आपल्या वाट्यातील काही रक्कम स्त्रियांसाठी देऊ केली होती. अखेर नोव्हेंबरमध्ये करार झाला. २०१९ चा विश्वचषक मात्र त्या संघाला गाठता आला नाही.

श्रमिकांच्या चळवळीला हा मार्ग अपरिचित नाही. सर्वांत नावाजलेली खेळाडू आपल्यापुरता सौदा करून बाजूला होऊ शकली असती. तिची किंमत बाजारात होतीच. ती संघाबरोबर राहिली.

यावर कोणी म्हणेल, डेन्मार्क श्रीमंत देश आहे, फुटबॉलला प्रेक्षक आहे. खो-खोला तिकीट कोण काढणार? आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर बाजारावर सोपवून भागत नाही. २०२२ साली खो-खोची व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्या हंगामातील संघ पुरुषांचे होते. पैसा आला, पण तो आधी कोणाच्या दारी गेला हे पाहण्यासारखे आहे. शिवाय पदकानंतर मिळणारी सरकारी नोकरी स्वागतार्ह असली तरी ती शिखरावर पोहोचलेल्या एकीला मिळते. वाटेत, अर्धपोटी असताना, खेळ सोडलेल्या मुलींची गणना होत नाही.

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत, औंढा नागनाथ या पाच तालुक्यांत आपल्याला काय करता येईल? विजेत्या मुलीची मिरवणूक काढणे सोपे आहे. शाल आणि नारळ यांस फारसा खर्च येत नाही. त्याआधीचे प्रश्न ग्रामसभेत विचारावयास हवेत. शाळेचे मैदान मोकळे आहे की त्यावर कुणाचा कडबा रचलेला आहे? सायंकाळी सरावाला थांबणाऱ्या मुलीच्या पोटात दुपारनंतर काय जाते? निवड चाचणीसाठी जिल्ह्याच्या गावी जाण्याचे एसटीचे भाडे कोण देते? आईबाप ऊसतोडीला निघाले की तिचा सराव कुठे जातो? सोयाबीनच्या काढणीत आणि पाणी भरण्यात तिचे किती तास जातात, आणि तिच्या भावाचे किती?

या प्रश्नांना क्रीडाप्रश्न म्हणण्याचे कारण नाही. हे अन्नाचे, वेळेचे आणि सार्वजनिक जागेचे प्रश्न आहेत. म्हणजेच ते आपले नेहमीचे प्रश्न आहेत. खेळाडू मुलीला दयेची गरज नाही. ती जे करते ते श्रम आहेत, एवढे मान्य झाले की मोबदल्याची भाषा सुरू होते, आणि त्या भाषेत भांडावयाचे कसे, हे चळवळीला शिकवावे लागत नाही.