गाणे कोणाच्या परवानगीने म्हणावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"तू चार शब्द बोल," अशी आज्ञा अध्यक्षबाईंनी केली आणि विषयही त्यांनीच दिला : 'माझे आवडते गाणे'. मी सातवी शिकलेली, चूल आणि मुले सांभाळणारी बाई. रागदारीतले मला काही कळत नाही. परंतु गाण्याची आवड लहानपणापासूनची, म्हणून उभी राहिले आहे.

माझी मुलगी कॉलेजात जाते. ती मोबाइलवर काही निराळीच गाणी ऐकते. ती सिनेमातली नव्हेत. कोणी कंपनी त्यांना पैसे देत नाही. स्वतःच लिहावयाचे, स्वतःच चाल लावावयाची आणि घरच्या घरी मुद्रण करून लोकांपुढे ठेवावयाचे. कोणी त्यांत जातीपातीवर बोलतो, कोणी सरकारला जाब विचारतो. अशा गाण्यांना 'इंडी' म्हणतात, असे तिने मला समजावून दिले. मलाही त्यांतली काही आवडली. पण मी तिला म्हटले, "अगं पोरी, यात नवे ते यंत्र. गाणे मात्र आपल्या जात्याइतके जुने आहे."

माझे माहेर जळगावकडचे. गावात पिठाची गिरणी आली होती, तरी सणावाराला डाळ भरडण्यासाठी आजी जाते मांडी. तिच्या ओवीत विठोबा असे, भाऊ असे, आणि मधूनच सासरचा जाच आणि अर्धपोटी काढलेली रात्रही असे. हेच ती साध्या बोलण्यात बोलली असती, तर घरात भांडण पेटले असते. ओवीत म्हटले म्हणून कोणी तिला अडवू शकले नाही. कारण ओवी एकटीची नसते. ती सगळ्यांची, म्हणून कोणाचीच नाही. दुबळ्या माणसाला खरे बोलता यावे यासाठी बायांनी शोधलेली ही युक्तीच नव्हे का?

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हजारावर गावांतल्या बायांनी त्या सांगितल्या. २०१७ पासून 'पारी' ही संस्था त्या इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवीत आहे. गाणारणीचे नाव आणि गावही तेथे वाचावयास मिळते. ज्यांना कधी कोणी विचारले नाही, त्यांची ही केवढी मोठी पोथी!

आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी तर सर्वांना ठाऊक आहेत. १८८० मध्ये आसोद्याला जन्म झाला, अक्षरओळख नाही, ऐन तारुण्यात वैधव्य आले. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचीत. मुलगा सोपानदेव यांनी आणि आप्तांनी ती लिहून ठेवली नसती, तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती. १९५१ मध्ये बहिणाबाई वारल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांचे पुस्तक निघाले. कपाळाचे कुंकू गेलेली ही बाई ज्योतिष्याला आपल्या दारी येऊ नको म्हणून सांगते. त्या काळी याहून मोठे बंड ते कोणते? २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या मुलामुलींच्या पदवीवर आज निरक्षर बाईचे नाव असते, हे मनात आले की माझा ऊर भरून येतो.

पुरुषांतही असे गाणारे झाले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर हे शाहीर डफ घेऊन गिरणी कामगारांपुढे उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजाने मैदाने भरत. १९६० मध्ये राज्य झाले, तेव्हा आपल्या नवापूर तालुक्यातली काही गावे गुजरातेत गेली. सरकारने रेघ ओढली, पण लग्नातली आणि होळीतली गाणी आजही दोन्हीकडे तीच आहेत.

आता जरा घरचे बोलते. राग मानू नये. मागच्या कार्यक्रमात आपल्यातल्याच एका भगिनीने मावची बोलीत गाणे म्हटले. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणारी बाई, पाठीवरचे मूल आणि दारूत गेलेली मजुरी, असा त्याचा आशय होता. दोन कडवी झाली आणि कोणी तरी म्हणाले, "शुभप्रसंगी असले रडगाणे नको, एखादे चांगले म्हणा." ती बाई मुकाट्याने खाली बसली. पुढे ती मंडळात आलेली नाही.

घरातली उणीदुणी चव्हाट्यावर येऊ नयेत, हे म्हणणे मी समजू शकते. आपल्यापैकी पुष्कळजणींना त्या गाण्यात आपलेच घर दिसले असेल. परंतु जे दुःख गाण्यातही सांगावयाचे नाही, ते सांगावयाचे तरी कोठे? भजन आपण म्हणतो, सिनेमातले गाणेही म्हणतो. मग आपल्याच सखीचे गाणे परके का?

म्हणून माझी एक सूचना आहे. मंडळाने एक वही करावी. मावची, कोकणी, अहिराणी, गुजराती, ज्या बोलीत गाणे असेल त्याच बोलीत ते लिहावे आणि खाली मराठीत अर्थ द्यावा. आपल्या कॉलेजातल्या मुली हे काम आनंदाने करतील. शब्द कोणी सुधारू नयेत. गाणारणीचे नाव मात्र तिला विचारूनच घालावे. ओवीला नाव नव्हते, म्हणून ती बाईला सांभाळीत होती. आपण नाव लिहिले आणि त्यापायी तिला घरी मार बसला, तर आपल्या वहीचा काय उपयोग? जिला नाव हवे तिचे मोठ्या अक्षरात लिहावे, जिला नको तिचे 'मंडळाची एक भगिनी' एवढेच पुरे.

वहीचे पहिले पान त्या थांबलेल्या गाण्याचे असावे. येत्या रविवारी मी त्या बाईकडे जाणार आहे. माझ्याबरोबर आणखी दोघीतिघी आल्या, तर मंडळाचे बोलावणे आहे असे तिला वाटेल. कोण येणार, ते चहाच्या वेळी मला सांगावे.