नोंदींचे नाते



२८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवणसेवेत एका आज्ञेतील चुकीमुळे ठरविल्याहून अधिक सर्व्हर बंद झाले. सेवेची प्रकृती दाखविणारा फलकही त्याच सेवेवर विसंबलेला. तो काही काळ बदलताच येईना. वैद्यच रुग्णशय्येवर, म्हणा ना!

बिघाडाच्या वेळी मी आलेखातील उसळीचा क्षण प्रथम टिपतो आणि त्या सुमाराच्या लॉगनोंदी काढतो. परंतु वेळ जुळली म्हणजे कारण सापडले, असे मी मानीत नाही. सर्व्हरांची घड्याळे मागेपुढे असू शकतात. प्रत्येक विनंतीचा एकच क्रमांक सर्व सेवांच्या नोंदींत उतरला असेल, तर धागा हाती लागतो. एका सेवेने तो पुढे पाठविला नव्हता, म्हणून एकदा मी रात्रभर निर्दोष डेटाबेसलाच दोषी धरून बसलो होतो.