घरगुती सर्पपैदास आणि तिचा ऑनलाइन बाजार

अमेरिकेत घरी पैदास करून विकल्या जाणाऱ्या सापांत दोन जाती सर्वांत पुढे आहेत, बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक. कॉर्न स्नेक हा आग्नेय अमेरिकेतला बिनविषारी साप. लांबी साधारण चार-पाच फूट, स्वभाव शांत, खाण्याची कटकट नाही. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. अजगर म्हटल्यावर सह्याद्रीतले जे धूड डोळ्यांपुढे येते, त्या मानाने हा अगदीच लहान. पूर्ण वाढलेली मादी चार-पाच फुटांची आणि दीड-दोन किलोची भरते. भेदरला की डोके आत घेऊन तो अंगाची घट्ट गुंडाळी करतो, चावायला क्वचितच धावतो. दोन्ही साप रॅकमधल्या प्लास्टिकच्या टबात मावतात, एक-दोन आठवड्यांनी एक उंदीर त्यांना पुरतो आणि त्यांच्या आवाजाची तक्रार घेऊन शेजारी येत नाही. मोकळ्या खोलीत किंवा गॅरेजात असे वीस-पंचवीस साप सांभाळणारा, दिवसा दुसरीच नोकरी करणारा माणूस म्हणजे या व्यवसायातला छोटा ब्रीडर.

व्यवसायाची सुरुवात आयातीतून झाली. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून लाखो बॉल पायथन अमेरिकेत आणि युरोपात गेले. अंड्यांवर आलेल्या माद्या रानातून धरायच्या, अंडी उबवायची आणि पिल्ले परदेशी पाठवायची, ही तिथली जुनी रीत आहे. असा साप स्वस्त मिळे. पण अंगावर गोचिड्या, पोटात जंत आणि महिनोन्महिने तोंड न उघडण्याची खोड तो सोबत आणी. चित्र पालटले ते रंगांमुळे. बॉब क्लार्क यांनी १९९२ साली अल्बिनो बॉल पायथनची बंदिवासात पैदास केली आणि तो पिवळा-पांढरा रंग पुढच्या पिढीत उतरतो हे सिद्ध झाले. १९९७ च्या सुमारास अंगावर पांढरेशुभ्र पट्टे असलेल्या पायबाल्डच्या बाबतीतही तेच झाले. शंभर डॉलरच्या आतला साप हजारो डॉलरना मागितला जाऊ लागला. अशा आनुवंशिक रंगप्रकारांना व्यवसायात मॉर्फ म्हणतात. एकेक मॉर्फ एकमेकांत मिसळून तयार झालेल्या मिश्रणांची संख्या आता हजारांत गेली आहे.

मॉर्फची किंमत समजण्यासाठी मेंडेलचे गणित लागते, आणि छोटा ब्रीडर ते बोटांवर करतो. अल्बिनो हा अप्रभावी गुण आहे. त्याचे जनुक आई आणि बाप दोघांकडून आले तरच रंग दिसतो. एकाकडूनच आले तर साप दिसायला साधा तपकिरी राहतो, पण जनुक वाहून नेतो. अशा वाहकाला बाजारात ‘हेट’ म्हणतात. दोन हेट एकत्र आणले तर सरासरी चारांत एक पिल्लू अल्बिनो निघते. उरलेली तीन एकाच छापाची. त्यांतली दोन वाहक असतात आणि एक कोरे, पण कोरे कोणते हे बघून कोणालाही सांगता येत नाही. म्हणून तिघांच्याही जाहिरातीत ‘६६ टक्के हेट’ असे लिहिले जाते. आई हेट आणि बाप साधा असेल, तर सगळ्याच पिल्लांवर ‘५० टक्के हेट’ अशी चिठ्ठी लागते. घेणारा माणूस साध्या सापासाठी जास्त पैसे मोजतो ते या शक्यतेसाठी. खरे-खोटे कळायला पिल्लू वाढवून, जोडी लावून, अंडी फुटेपर्यंत थांबावे लागते, म्हणजे तीन-चार वर्षे. तोवर विकणाऱ्याचा शब्द हाच एकमेव पुरावा असतो.

या व्यापाराचा खरा माल म्हणजे विकणाऱ्याची वही, असे म्हणायला हरकत नाही. कोणत्या मादीला कोणता नर कधी लावला, अंडी किती आली, कोणत्या टबातले पिल्लू कोणत्या खेपेतले, याची नोंद चोख असेल तरच ‘६६ टक्के’ या आकड्याला अर्थ आहे. मादी नराचे वीर्य महिनोन्महिने साठवून ठेवू शकते, त्यामुळे एका हंगामात दोन नर वापरणाऱ्याची वंशावळ त्याच्या नकळत बिघडू शकते. अलीकडे टाकलेल्या कातीवरून जनुक तपासण्याची सोय झाली आहे. ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात विद्यार्थ्यांनी साप पाळणाऱ्यांकडून टपालाने काती मागवल्या आणि बॉल पायथनच्या काही रंगांमागची जनुके शोधून काढली; हे काम २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. घरोघरी केराच्या टोपलीत जाणाऱ्या कातींतून विज्ञानाला एवढे मिळावे, ही या हौसेची सर्वांत जमेची बाजू. मात्र सगळ्याच मॉर्फची चाचणी निघालेली नाही, आणि तिथे भिस्त वहीवरच.

ज्या गणिताने भाव चढतो, त्याच गणिताने तो पडतो. अप्रभावी मॉर्फचा प्रसार सावकाश होतो, म्हणून त्याचा भाव काही वर्षे टिकतो. पेस्टलसारख्या गुणाचे एकच जनुक पुरते. एक नर पाच माद्यांना लावला तर पहिल्याच वर्षी निम्मी पिल्ले तशी निघतात आणि प्रत्येक गिऱ्हाईक दोन वर्षांत प्रतिस्पर्धी बनते. एकेकाळी हजारो डॉलरचा पायबाल्ड आज काहीशे डॉलरना मिळतो आणि साधा बॉल पायथन विकून त्याच्या उंदरांचा खर्चही निघत नाही. मादीला नरापेक्षा जास्त भाव येतो, कारण एका नरावर अनेक माद्यांचे काम भागते. नव्याने उतरणारे बहुतेक लोक आजचा भाव पाहून जोडी घेतात. मादी दीड किलोची होईपर्यंत भाव ओसरलेला असतो. अमेरिकेचे आयकर खातेही हौस आणि व्यवसाय यांत फरक करते, आणि पाचांपैकी तीन वर्षे नफा दाखवला तर व्यवसाय मानायला तयार होते. अनेक ब्रीडरांना ही पायरी गाठता येत नाही.

पैदाशीचे काम त्या मानाने सरळ आहे. हिवाळ्यात जोड्या लावतात. बॉल पायथनची मादी एका खेपेस साधारण सहा अंडी देते आणि त्यांभोवती वेटोळे घालून बसते. ब्रीडर तिला अलगद उठवून अंडी इन्क्युबेटरमध्ये ठेवतो. अंडी चिकटलेल्या अवस्थेत, जशी होती तशीच ठेवायची. उलटली तर आतला गर्भ दगावू शकतो. सुमारे ३१-३२ अंश सेल्सिअसला ५५ ते ६० दिवसांत पिल्ले अंड्याला चीर पाडतात, पण तोंड बाहेर काढून एक-दोन दिवस आतच राहतात. घाई करून ओढून काढू नये. कॉर्न स्नेकची अंडी जास्त, पिल्ले बारीक आणि भाव कमी. पहिली कात टाकल्यावर पिल्लांना उंदराचे पोर दिले जाते, आणि धंद्याची लाज असणारा ब्रीडर तीन-चार वेळा खाऊन झाल्याशिवाय पिल्लू विक्रीला काढत नाही. बॉल पायथन खाण्याच्या बाबतीत हट्टी असतो. जिवंत उंदरावर वाढलेले पिल्लू गोठवलेला उंदीर गरम करून दिला तरी नाकारते आणि नवा मालक घाबरून जातो.

विक्रीची जागा बदलत गेली. आधी रेप्टाइल एक्स्पो नावाची भाडोत्री हॉलमधली जत्रा असे, मग वर्गीकृत जाहिरातींची संकेतस्थळे आली. फेसबुकने व्यक्ती-व्यक्तींमधल्या प्राणीविक्रीला मनाई केली, ईबेवर जिवंत साप चालत नाही. म्हणून मॉर्फमार्केटसारख्या खास बाजारांकडे सगळे वळले. तिथे विक्रेता वर्गणी भरतो आणि प्रत्येक पिल्लाची जनुके, लिंग, वजन, जन्मतारीख आणि शेवटचे जेवण लिहितो. खाली गिऱ्हाइकांचे अभिप्राय. छायाचित्रातच निम्मी विक्री होते, आणि फसवणूकही. दिव्याखाली रंग उठावदार करणे हा सौम्य प्रकार. दुसऱ्याचा फोटो चोरून नसलेला साप विकणे हा सर्रास. त्यावर साधा उपाय असा, की सापाशेजारी हाताने लिहिलेली तारीख आणि नाव असा कागद ठेवून नवा फोटो मागायचा. खरा ब्रीडर पाच मिनिटांत तो पाठवतो.

सर्वांत अवघड टप्पा पाठवणीचा. अमेरिकेचे सरकारी टपाल खाते साप स्वीकारत नाही. काम फेडेक्सच्या एका रात्रीत पोचणाऱ्या सेवेवर चालते, तेही मंजुरी घेतलेल्या पाठवणाऱ्यांमार्फत. छोटे ब्रीडर अशा मध्यस्थांकडून लेबल विकत घेतात. पाठवण्याआधी काही दिवस सापाला उपाशी ठेवतात, कारण वाटेत तो खाल्लेले ओकतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला आतून सर्व बाजूंनी फोमचे पत्रे. पिल्लू ओलसर कागदासह भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात. मोठा साप कापडी पिशवीत, पिशवीच्या तोंडाला गाठ. रिकाम्या जागेत चुरगाळलेली वर्तमानपत्रे कोंबतात, म्हणजे डबा हलत नाही. थंडीत झाकणाच्या आतून उष्णतेची पुडी चिकटवतात, पण तिला प्राणवायू लागतो. खोके हवाबंद असेल तर पुडी विझते, आणि सापाला टेकली तर भाजते. खोक्यावर आत कोणत्या जातीचे किती प्राणी आहेत हे लिहावे लागते. शुक्रवारी कोणी साप पाठवत नाही. विमान चुकले तर तो शनिवार-रविवार गोदामात पडेल. घेणाऱ्याने कुरिअरच्या केंद्रावर जाऊन सकाळीच खोके घ्यावे हे उत्तम, कारण दारात उन्हात ठेवलेल्या खोक्यातला साप मरू शकतो. जिवंत पोचण्याची हमी जवळपास सगळे देतात. तिच्या अटी वाचल्या म्हणजे ती कोणाला उपयोगी पडणार ते कळते.

कायद्याचा पट विचित्र आहे. अमेरिकेचा केंद्रीय प्राणी-कल्याण कायदा उष्ण रक्ताच्या प्राण्यांपुरता आहे, त्यामुळे सर्पपैदाशीला त्याखाली परवाना लागत नाही. प्रश्न येतो तो राज्यांचा. हवाईमध्ये कोणताच साप पाळता येत नाही. जॉर्जियात स्थानिक बिनविषारी साप पाळण्याला बंदी असल्याने कॉर्न स्नेक चालत नाही आणि आफ्रिकेतला बॉल पायथन चालतो. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समध्ये बर्मी अजगर पसरल्यावर केंद्राने २०१२ आणि २०१५ मध्ये अनेक मोठ्या सापांना लेसी कायद्याखाली घातक ठरवले. पैदासकारांची संघटना न्यायालयात गेली, आणि मुख्य भूमीवरच्या राज्या-राज्यांतली वाहतूक त्या कायद्याने थांबत नाही असा निकाल २०१७ मध्ये लागला. राज्यांचे स्वतःचे नियम तरी उरतातच. गिऱ्हाइकाच्या राज्याचा कायदा तपासणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि जाहिरातींत ‘स्थानिक नियम स्वतः पाहा’ एवढे लिहून ती झटकली जाते.

पशुवैद्यकांच्या दृष्टीने दोन विषय महत्त्वाचे. पहिला रोगांचा. बॉल पायथनच्या श्वसनमार्गात दाह करणारा निडोव्हायरस २०१४ मध्ये ओळखला गेला. तो असलेला साप बराच काळ धडधाकट दिसतो. रॅकमधल्या पन्नास टबांत एक नवा साप विलगीकरणाशिवाय सरकवला, तर सगळे घर आजारी पडू शकते. पण नव्वद दिवस वेगळे ठेवायला वेगळी खोली लागते आणि छोट्या ब्रीडरकडे नेमकी तीच नसते.

दुसरा विषय स्पायडर या मॉर्फचा. त्याच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी असते, आणि त्याच जनुकाबरोबर डोके डुगडुगण्याचा दोष येतो. काही साप उंदरावर झेप घेताना चुकतात, काही पाठीवर उलटे पडून राहतात. वर्षानुवर्षे पैदासकार सांगत आले, की ‘थोडे डोलणे’ निरुपद्रवी असते. २०२२ च्या एका वेगळ्या अभ्यासात या सापांच्या अंतर्कर्णातला तोल सांभाळणारा भागच विकृत असल्याचे आढळले. म्हणजे दोष रंगापासून वेगळा काढता येणार नाही, आणि निवडक पैदाशीने तो सुधारेल हा दावाही टिकत नाही. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने त्याआधीच आपल्या मेळाव्यांत स्पायडरच्या विक्रीला बंदी घातली होती. अमेरिकेच्या ऑनलाइन बाजारात तो मिळत राहिला. सुंदर दिसतो म्हणून ज्याला सरळ राहता येत नाही असा प्राणी मुद्दाम जन्माला घालणे, याला हौस म्हणणे कठीण आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांपर्यंत हा बाजार चित्रफितींतून पोचतो, आणि अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतली मुले तो एक्स्पोमध्ये प्रत्यक्ष पाहतात. भारतात मात्र स्थिती अगदी वेगळी. नाग, धामण, अजगर असा कोणताही देशी साप पाळणे वा विकणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. सर्पमित्रही साप पकडून वनखात्याच्या नियमांप्रमाणे रानात सोडतात. विदेशी सापांची मागणी मात्र वाढली, आणि तस्करी तिच्या मागे आली. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात मुंबई विमानतळावर बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले. ऑनलाइन सहज मिळणारा ‘घरी पैदास केलेला’ साप भारतात कोठून आला, याची कल्पना यावरून येते.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने साइट्स या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या जाती त्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. बॉल पायथन दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्याची नोंद बंधनकारक झाली. कॉर्न स्नेक त्या परिशिष्टांत नसल्याने ही नोंदणी त्याला लागू होत नाही, पण विनापरवाना आयात त्याचीही बेकायदाच. २०२४ च्या नियमांप्रमाणे नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. दवाखान्यात आणलेल्या बॉल पायथनच्या मालकाकडे हा नोंदणीचा कागद असायला हवा. साप दुसऱ्याच्या ताब्यात गेला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तर तेही त्याच पोर्टलवर कळवावे लागते.