गणितात ‘ढ’ कोण?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळा ही व्याख्यानमाला चालवते, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसलो. पुढचे आयुष्य बँकेच्या खिडकीमागे गेले. शिक्षणशास्त्राचा मी अभ्यासक नव्हे. निवृत्त झाल्यापासून गेली नऊ वर्षे आठवड्यातून तीन दिवस, शाळा सुटल्यावर, तिसरी-चौथीतल्या गणितात मागे राहिलेल्या मुलांना घेऊन मी तासभर बसतो, एवढाच माझा अधिकार. जे थोडेफार मला कळले, ते बहुतेक माझ्या स्वतःच्या चुकांतून कळले. म्हणून प्रारंभ अशाच एका चुकीपासून करतो.

पहिल्या वर्षी माझ्याकडे तिसरीतला एक मुलगा येत असे. मी संख्या सांगायची आणि मुलांनी ती पाटीवर लिहायची, असा आमचा परिपाठ होता. मी ‘त्रेपन्न’ म्हटले की तो ३५ लिही. ‘एकाहत्तर’ म्हटले की १७. ‘अठ्ठेचाळीस’ म्हटले की ८४. मी खोडून बरोबर लिहून देई आणि दहा वेळा गिरवून आणायला सांगे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी माझा संयम सुटला. “अरे, तिसरीत आलास आणि साधे आकडे लिहिता येत नाहीत तुला?” असे मी म्हणालो. बाकीची मुले हसली. तोही थोडासा हसला. चौथ्या दिवसापासून तो माझ्याकडे आला नाही.

पुढे बऱ्याच दिवसांनी, घरी हिशेब लिहीत असताना, एक संख्या मी मोठ्याने उच्चारली आणि एकाएकी ती मला ऐकू आली. ‘त्रेपन्न’ या शब्दात आधी तीन येतात आणि मग पन्नास. ‘एकाहत्तर’मध्ये आधी एक आणि मग सत्तर. तो मुलगा जे ज्या क्रमाने कानांवर पडत होते, ते त्याच क्रमाने लिहीत होता. त्याच्या सगळ्या चुका या एका नियमात बसत होत्या. त्याचे लक्ष नव्हते असे मी समजलो होतो. वस्तुतः तो माझा प्रत्येक शब्द लक्षपूर्वक ऐकत होता.

एककापासून संख्या सांगण्याची ही रीत फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त गुणाकाराच्या एका उदाहरणात १३५ ही संख्या पाच, तीन, एक अशा क्रमाने सांगितली आहे. आपण बोलताना एकक आधी घेतो आणि लिहिताना दशक आधी. त्यात ‘एकोणतीस’सारखे शब्द आहेतच. लिहायचे असतात दोन आणि नऊ. ऐकू येते ते ‘एक उणे तीस’. कानडीत असे नाही. तिथे त्रेपन्नला ‘ऐवत्तमूरु’ म्हणतात, म्हणजे पन्नास-तीन. एकोणतीसला ‘इप्पत्तोंबत्तु’, म्हणजे वीस-नऊ. जसे बोलायचे तसेच लिहायचे. आपल्या बेळगावातले मूल घरी एक रीत ऐकते आणि रस्त्यावर दुसरी. त्याचा गोंधळ झाला, तर त्यात नवल ते काय?

२०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ शब्दांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचनही दिले, तेव्हा मोठे वादळ उठले. विधिमंडळात चर्चा झाली, चेष्टाही पुष्कळ झाली. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण शांतपणे समजावून सांगितली होती. त्या २०२३ साली निवर्तल्या. आपल्याकडची पाठ्यपुस्तके कर्नाटकाची, त्यामुळे तो वाद आपल्या उंबऱ्यापर्यंत आला नाही. मला स्वतःला ‘एकोणतीस’ हा शब्द टाकून द्यावासा वाटत नाही; तो आपल्या भाषेचा वारसा आहे. परंतु ज्या मुलाचा पाय तिथे अडतो, त्याला ‘वीस आणि नऊ’ ही एक पायरी देण्याने भाषा बुडत नाही. पायरी चढून ते मूल ‘एकोणतीस’पर्यंत येतेच. मी हे पुष्कळदा पाहिले आहे.

दुसरा प्रसंग तीन वर्षांनंतरचा. चौथीतल्या एका मुलीने वहीत ५० मधून २८ वजा करून ३८ असे उत्तर लिहिले होते. मी या वेळी खोडले नाही. विचारले, “कसं केलंस ग?” ती म्हणाली, “शून्यातून आठ जात नाहीत. म्हणून आठातून शून्य काढलं. पाचातून दोन गेले, तीन.” लहानातून मोठे जात नाही, हे तिला कोणीतरी शिकवले होते. मग मोठ्यातून लहान काढायचे, हा तोडगा तिने स्वतः शोधला होता.

तिची आई बाजारात पालेभाजी विकते, आणि सुटीच्या दिवशी ही तिच्याजवळ बसते, हे मला ठाऊक होते. मी म्हटले, “गिऱ्हाइकाची भाजी अठ्ठावीस रुपयांची झाली. त्यानं पन्नासची नोट दिली. किती परत देशील?” तिने क्षणभरही विचार न करता सांगितले, “बावीस.” कसे, असे विचारताच म्हणाली, “अठ्ठाविसावर दोन दिले की तीस, आणि वर वीसची नोट.”

मी दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी लिहिली. ती वहीकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग तिने मला विचारले, “आजोबा, मग वहीत असं केलेलं चालतं?”

मित्रहो, या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो. चार वर्षे शाळेत काढल्यावर त्या मुलीची अशी समजूत झाली होती की, बाजारातले पन्नास वेगळे आणि वहीतले पन्नास वेगळे. बाजारात डोके चालवायचे असते, वहीत मात्र त्याला परवानगी नसते. ही समजूत तिची तिने करून घेतली नव्हती. आम्हा मोठ्यांनीच ती करून दिली होती.

ही केवळ आपल्या गावची कथा नाही. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली दाखवून दिले की, वजाबाकीतल्या पुष्कळशा चुका धसमुसळेपणाच्या नसून मुलाने मनाशी धरलेल्या एखाद्या चुकीच्या नियमाच्या असतात. १९८५ साली ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर वस्तू विकणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्या मुलांचे शंभरातले ९८ हिशेब बरोबर येत. तेच आकडे नुसते गणित म्हणून पुढे ठेवले की शंभरातले जेमतेम ३७. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतील मुलांविषयी २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष याच दिशेचा आहे. शिवाय शाळेत वहीतली गणिते सोडवणारी मुले बाजारातल्या हिशेबात अडखळतात, असेही त्यात आढळले. आणि २०२४ च्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतातील तिसरीच्या सुमारे एक तृतीयांश मुलांनाच दोन अंकी हातच्याची वजाबाकी जमते. उरलेली दोन तृतीयांश मुले ‘ढ’ आहेत, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

आमच्या तासाला साहित्य म्हणाल तर काड्यापेटीतल्या काड्या आणि रबर. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधायच्या. त्या मुलीने पाच जुड्या घेतल्या. त्यांतून आठ सुट्या काड्या काढायच्या, तर एक जुडी सोडावी लागणार, हे तिच्या हातांना आधी कळले. मग कागदावर पाचाचे चार झाले आणि शून्याचे दहा, त्यात तिला कोडे वाटले नाही. शेवटी मी तिला २८ आणि ३८ यांची बेरीज करायला सांगितली. सहासष्ट आले. “पन्नासच्या नोटेतून सहासष्ट कुठून येणार!” असे म्हणून ती मोठ्याने हसली. स्वतःच्या चुकीवर ते मूल निर्भयपणे हसले, म्हणजे आता ते शिकणार, हा माझा अनुभव आहे. दुसऱ्याने हसणे वेगळे.

या कामाला मोठी विद्या लागत नाही. धीर लागतो. उत्तर चुकलेले दिसताच हात खोडरबराकडे जातो, तो आवरावा लागतो. ‘कसे केलेस?’ असे विचारावे लागते आणि विचारल्यावर गप्प बसावे लागते. हे दुसरे अधिक कठीण. वर्गात चाळीस मुले असताना शिक्षकाला प्रत्येकाजवळ असे थांबता येत नाही, याची मला जाणीव आहे. म्हणूनच आमच्यासारख्या रिकाम्या माणसांची गरज आहे. या सभागृहात निवृत्त कारकून आहेत, दुकानदार आहेत, कापडाचा हिशेब नजरेने करणारे शिंपी आहेत, महिन्याचा खर्च तोंडी जमवणाऱ्या गृहिणी आहेत. आठवड्यातला एक तास आपण शाळेला द्यावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. आणि पालकांना एवढेच सांगणे की, ‘आमचा गणितात ढ आहे हो’ हे वाक्य मुलासमोर तर नकोच, त्याच्या मागेही बोलू नये. मूल दाराआडून ऐकते आणि विश्वास ठेवते.

आता गुरुजींविषयी. त्यांच्याजवळ एक लाल पेन्सिल असे. चुकलेल्या उत्तरावर ते कधी फुली मारीत नसत. शेजारी बारीक अक्षरात ‘कसे?’ असे लिहीत. मग वही घेऊन त्यांच्या टेबलापाशी जायचे आणि आपण काय केले ते सांगायचे. आम्हाला ती शिक्षाच वाटे. पण सांगता सांगता अर्ध्या वेळा चूक आमची आम्हालाच सापडे, आणि गुरुजी नुसते “बस जागेवर” म्हणत.

साठ वर्षांपूर्वी माझ्या वहीत लिहिलेला तो एक शब्द मला त्या पहिल्या मुलाच्या वेळी आठवला नाही. पुढच्या वर्षी तो शाळेच्या फाटकात भेटला. मी म्हटले, “ये की रे पुन्हा.” त्याने आपले नाव सांगावे तितक्या सहजपणे सांगितले, “मला गणित येत नाही.” चौथीनंतर त्याने शाळा बदलली. तू ऐकत होतास ते बरोबर होते, चुकलो मी, हे त्याला सांगायचे राहून गेले. ते आज गुरुजींच्या नावाने भरलेल्या या सभेत सांगतो आणि त्यांच्या स्मृतीला वंदन करून आपली रजा घेतो.