कर्जाची वाट एका पानावर

आंबवड्याहून आम्ही बोलतोय.

गेल्या वर्षी आमच्या एका गटाची कर्जाची फाईल बँकेतून परत आली. ठरावावर एक सही राहिली होती. भातलावणीच्या तोंडावर पैसे हाती आले नाहीत. तेव्हा ठरवलं, कर्जाची सगळी वाट चित्रात काढून भिंतीवर लावायची.

आधी वर्डमध्ये काढून पाहिलं. चौकट हलवली की बाण तिथेच राहायचे. मग लिब्रेऑफिस ड्रॉ घेतलं. ते फुकट आहे, नेटशिवाय चालतं, मराठीत लिहिता येतं. त्यातली जोडरेघ चौकटीला चिकटते. चौकट सरकवली की रेघही सरकते.

खुणा तीनच पुरतात. सुरुवातीला आणि शेवटाला लांबट गोल, कामाला चौकट, प्रश्नाला शंकरपाळी. आमच्या शंकरपाळीत लिहिलंय, ‘सगळ्यांच्या सह्या झाल्या?’ ‘हो’चा बाण बँकेकडे, ‘नाही’चा परत बैठकीकडे. वाचता न येणाऱ्या मावशीही आता बाणावर बोट ठेवून विचारतात, “सह्या झाल्या का गं?”

तुम्ही निवडाल तेव्हा एवढंच बघा: नेटशिवाय चालतं का, छापता येतं का, गटातल्या दुसरीलाही जमतं का. पण आधी वहीत पेन्सिलीनं काढा. वाट आपल्याला ठाऊक हवी. संगणक फक्त ती नीट आखून देतो.