रमी, कल्याण मटका आणि मी लिहिलेलं एक बटण

(पॉडकास्टच्या ताज्या एपिसोडचा मजकूर. बोलतो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे म्हणजे' जरा कमी केलंय.)

गणपती गेले, गुलाल अजून शर्टाला आहे, आणि आपण परत आपल्या जागेवर. आज शनिवार, १३ सप्टेंबर २०२५. डोंबिवलीत, घरच्याच हॉलमधून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मध्ये कुकरची शिट्टी आली तर सांभाळून घ्या.

उद्या भारत-पाकिस्तान मॅच आहे. आशिया कपमध्ये आपल्या टीमची जर्सी बघितलीत? समोर मुख्य प्रायोजकाचं नावच नाही. ड्रीम इलेव्हन गेलं. २०२३ मध्ये तीन वर्षांसाठी ३५८ कोटींचा करार झाला होता, तो मध्येच संपला. कारण तुम्हाला माहितीये, ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा. २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवस! आमच्या सोसायटीत लिफ्ट बदलायचा ठराव दोन वर्षं चालला होता.

आधी डीएममध्ये सगळ्यात जास्त आलेला प्रश्न घेतो. 'दादा, बीजीएमआय बंद होणार का?' नाही रे बाबा. कायद्याने तीन खाने केलेत. एक ई-स्पोर्ट्स, त्याला उलट मान्यता दिली आहे. दुसरे सोशल गेम, म्हणजे टाइमपास, तेही चालू. तिसरे मनी गेम, म्हणजे पैसे लावायचे आणि पैसे जिंकायच्या आशेने खेळायचं. बंदी फक्त याला. रमी असो, फँटसी क्रिकेट असो, पैसे लावून लुडो असो. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि ५० लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. लागू कधीपासून, ती तारीख सरकार वेगळी जाहीर करणार होतं, पण मोठ्या कंपन्यांनी पैशाचे डाव लगेचच बंद केले.

आणि याच्या महिनाभर आधी आपल्याकडे काय झालं आठवतंय ना? २० जुलैला रोहित पवारांनी व्हिडिओ टाकला, कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळतायत असा. कोकाटे म्हणाले, मी खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेला गेम स्किप करत होतो. महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं गेलं आणि मिळालं कोणतं? क्रीडा! त्यावरचे मीम्स तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले असतील, म्हणून पुढे जातो.

तर मुद्दा. या कायद्यावर भांडण एकाच गोष्टीवरून चाललंय. कंपन्या म्हणतात, रमी हा कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा नाही, मग जुगार कसा? नवा कायदा म्हणतो, कौशल्य असो की नशीब, पैसे लावलेत ना, मग बंद. हायकोर्टांमधल्या याचिका सुप्रीम कोर्टाने ८ सप्टेंबरला स्वतःकडे घेतल्या. तिथे काय व्हायचं ते होईल. पण मला वाटतं हा प्रश्नच थोडा चुकीचा विचारला जातोय. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

आपण कल्याण-डोंबिवलीची माणसं. बाहेरगावी कोणी विचारलं आणि आपण 'कल्याणजवळ राहतो' म्हटलं की एखादे काका हमखास डोळा मारतात, 'अच्छा, मटकेवालं कल्याण!' तर एकदाचं क्लिअर करू. कल्याण मटक्याचा आपल्या कल्याण स्टेशनाशी काही संबंध नाही. ते नाव माणसाचं आहे, कल्याणजी भगत, वरळीचे. आधी मुंबईत लोक न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर पैसे लावायचे, उघडतानाचा भाव आणि बंद होतानाचा भाव. म्हणूनच ते 'ओपन' आणि 'क्लोज'. १९६१ मध्ये ते भाव यायचे बंद झाले. मग १९६२ मध्ये भगतांनी वरळीत स्वतःचा मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्रींनी नवा. कापूस गेला, आकडा राहिला.

मटका वाईटच होता, त्याने घरं बुडवली, गिरणगावात अजून किस्से ऐकायला मिळतात. पण इंजिनिअर म्हणून बघा. त्यात दोनच निकाल, ओपन आणि क्लोज. मध्ये तासन्‌तास थांबायचं. पैसे लावायला घराबाहेर पडून त्या टपरीपर्यंत चालत जायचं, कोणी ओळखीचं बघत नाही ना बघायचं, खिशात असतील तेवढेच लावायचे. आमच्या भाषेत याला फ्रिक्शन म्हणतात. प्रत्येक पायरीवर माणसाला एक संधी असते, 'जाऊदे, आज नको' म्हणायची.

आता दुसरी गोष्ट. रमी कौशल्याचा खेळ, हे सुप्रीम कोर्टाने कधी म्हटलं? १९६७ मध्ये. सिकंदराबादच्या एका क्लबवर पोलिसांनी धाड घातली होती, ती केस. कोर्ट म्हणालं, रमीत कोणते पत्ते पडले ते लक्षात ठेवावं लागतं, कोणता ठेवायचा, कोणता टाकायचा ते ठरवावं लागतं, त्यामुळे हा तीनपत्तीसारखा निव्वळ नशिबाचा खेळ नाही. गेमिंग कंपन्यांची बाजू मांडताना हाच निकाल पुढे केला जातो. पण त्याच निकालात पुढे एक गोष्ट आहे जी त्यांच्या जाहिरातीत कधी आली नाही. कोर्टाने असंही म्हटलंय की क्लबचा मालक पैसे लावलेल्या रमीतून स्वतः नफा कमवत असेल, तर गुन्हा होऊ शकतो.

हे वाचलं आणि माझी ट्यूब पेटली. प्रश्न खेळात कौशल्य आहे की नाही हा नाहीच. सतरंजी कोणाची आणि ती किती कापते, हा प्रश्न आहे.

साधं गणित करू. तू आणि मी, दोघं सारखेच हुशार. प्रत्येकी १०० रुपये लावले. घरी खेळलो तर जिंकणाऱ्याला २००. ॲपवर जिंकणाऱ्याला समजा १८०, वरचे २० ॲपचे. (आकडा उदाहरणापुरता आहे.) दहा डाव झाले, पाच तू जिंकलास, पाच मी. दोघांनी हजार-हजार लावले, नऊशे-नऊशे परत आले. कोणी हरलं नाही, तरी दोघांचे शंभर-शंभर गेले. शंभर डाव खेळलो तर हजार-हजार जातील. फोनवर शंभर डाव व्हायला कितीसा वेळ लागतो?

सकाळच्या फास्ट लोकलमध्ये मांडीवर बॅग आडवी ठेवून त्यावर पत्ते कुटणारे ग्रुप तुम्ही पाहिलेत. त्यात पैसे असलेच तर चहाचे. आणि ठाणं, घाटकोपर, दादर, उतरायचं स्टेशन आलं की डाव मोडतो. बॅग कमिशन घेत नाही.

आता जरा वेगळं बोलतो. हे बोलायचं की नाही, यावर आठवडाभर विचार केला.

गौरी जेवल्या त्या रात्री आम्ही मित्राकडे होतो. दरवर्षीचा कार्यक्रम आहे, आरती, जेवण आणि मग जागरणाला पत्ते. मेंढीकोट, मग बदाम सात, मग रमी. रमीचे पत्ते वाटले तसा आमच्यातला एक जण उठला. 'तुम्ही खेळा, मी बसतो बाहेर.' तो रमीत आमच्यातला सगळ्यात पक्का. मी मागे गेलो. जिन्यात बसलो आणि त्याने सांगितलं. दोन वर्षं, दोन ॲप, सव्वाचार लाख. त्यातले अर्ध्याहून जास्त झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवरून घेतलेले. ऐरोलीतला पगार आला की पहिल्या तीन दिवसांत हप्त्यांत संपतो. घरी फक्त बहिणीला माहीत आहे.

आणि मग तो म्हणाला, 'हरण्याचं सोड रे. मी जिंकलोय पण. एकदा बत्तीस हजार जिंकले, काढायला टाकले. त्यांनी लिहिलं, २४ तासांत खात्यात येतील. खाली बटण होतं, रद्द करून खेळत राहा. रात्री दोनला जाग आली आणि मी ते दाबलं. सकाळपर्यंत बत्तीस हजार नव्हते.'

मंडळी, ते बटण मी लिहिलंय.

त्याच्या ॲपमधलं नाही. मी बीटेक झाल्यावर पहिल्या नोकरीत दीड वर्ष एका गेमिंग कंपनीत होतो, नाव सांगत नाही. मी वॉलेटच्या टीममध्ये होतो. पैसे भरणं एका सेकंदात व्हायचं. पैसे काढणंही जवळपास तेवढ्यात होऊ शकत होतं, बँकांची व्यवस्था होती. आम्ही मुद्दाम मध्ये वेळ घातला आणि त्या वेळात हे बटण दाखवलं. दोन डिझाइन करून बघितली, एकात बटण छोटं, एकात मोठं हिरवं. मोठं हिरवं 'जिंकलं'. त्या संध्याकाळी टीमला पिझ्झा आला. मीही खाल्ला. स्क्रीनवर एक आलेख वर जात होता, त्याच्यामागे कोणी रात्री दोनला जागं आहे हे मला तेव्हा खरंच सुचलं नव्हतं. की सुचलं होतं आणि मी बघितलं नाही? आता नक्की सांगता येत नाही.

म्हणजे बघा, मटक्यात फ्रिक्शन होतं ते भरण्याच्या बाजूला. आम्ही ते उचललं आणि काढण्याच्या बाजूला नेऊन ठेवलं.

मित्राला त्या रात्री हे सांगितलं नाही. त्याची गोष्ट इथे सांगायची परवानगी घेतली, पण माझी सांगितली नाही. तो हा पॉडकास्ट ऐकतो. तर मित्रा, हे तुला आधी समोर बसून सांगायला हवं होतं. सॉरी. हा एपिसोड अपलोड करून तुझ्याकडेच येतोय.

...तर. बंदी बरोबर की चूक?

सरकारचा अंदाज आहे की अशा गेममध्ये ४५ कोटी लोकांचं वर्षाला २० हजार कोटींहून जास्त नुकसान होतं. भागाकार करा, माणशी साडेचारशे रुपयांच्या आसपास येतात. एवढ्याने कोणाचं घर बुडत नाही. पण ती सरासरी आहे. बहुतेकांचे पन्नास-शंभर गेले असणार आणि काहींचे लाखो. पक्के गिऱ्हाईक तेच असतात आणि डिझाइन त्यांच्याचसाठी होतं. हे मी आत बसून बघितलंय. म्हणून बंदी आली तेव्हा मला वाईट वाटलं नाही, जरी त्या क्षेत्रातल्या माझ्या दोन जुन्या सहकाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या तरी. त्यांच्यासाठी वाईट वाटलं.

पण बंदीने काम संपलं असं मात्र समजू नका. आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विसर्जनाच्या फोटोंच्या मध्येच कोणीतरी एपीके फाइलची लिंक टाकली होती, 'रमी पुन्हा सुरू, २०० बोनस'. सर्व्हर कुठल्या देशात, मालक कोण, काही पत्ता नाही. इथल्या कंपनीला निदान नोटीस पाठवता येत होती, इथे तर पैसे काढायचं बटणसुद्धा असेलच असं नाही. प्ले स्टोअरबाहेरून आलेली फाइल फोनमधले मेसेज वाचायची परवानगी मागते, आणि ओटीपी त्याच मेसेजमध्ये येतो, एवढं लक्षात ठेवा. ती लिंक उघडू नका. ग्रुपवर दिसली तर टाकणाऱ्याला काढायला सांगा, वाईटपणा आला तरी चालेल.

आणि माझं जास्तीचं मागणं असं की नियम बटणांवरही हवेत. पैसे भरण्याइतकेच पैसे काढणं सोपं हवं. हे फक्त रमीला नाही, शेअर ट्रेडिंगच्या ॲपला लागू, लहान मुलांच्या गेममधल्या खरेदीला लागू. रमी बंद झाली म्हणून ते डिझाइन करणारे आम्ही काही बेकार बसणार नाही. आम्ही दुसऱ्या ॲपमध्ये जाऊ, तीच डोकी घेऊन.

शेवटी कामाचं. आज रात्री यूपीआयचं गेल्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि गेमवर गेलेल्या पैशांची फक्त बेरीज करा. कोणाला दाखवू नका. आकडा बघून पोटात गोळा आला तर १४४१६ वर फोन करा, टेलिमानस, सरकारी, मोफत, मराठीतही बोलता येतं. कोणी फसवून पैसे काढले असतील तर १९३०, आणि तो लगेच, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. आणि हे दोन्ही जमत नसेल तर जिन्यात बसून एका मित्राला सांगा. माझ्या मित्राने सांगितलं तेव्हा आकडा तेवढाच राहिला, पण आता हप्त्यांचा हिशेब आम्ही दोघं मिळून करतोय.

उद्या मॅच बघा. सॅमसन की गिल, यावर चहाची पैज लावा. हरणाऱ्याने सगळ्यांना कटिंग पाजायचा.

भेटू पुढच्या शनिवारी. काळजी घ्या.