कुडापासून काचेपर्यंत



काचेने मढविलेल्या उत्तुंग इमारती ज्या यवतमाळ जिल्ह्यात फारशा नाहीत, तेथे येऊन अशा इमारतींच्या भिंतींची परीक्षा कशी होते हे सांगणे म्हणजे कोरडवाहू मुलखात गलबते बांधण्याची विद्या शिकविणे होय, असा आक्षेप कोणी घेतला, तर मी त्याला प्रथम मारेगाव किंवा झरी जामणीकडील एखाद्या कोलाम पोडावर घेऊन जाईन. तेथील जुन्या धाटणीच्या घरात छपराचा भार जमिनीत रोवलेल्या लाकडी खांबांवर असतो. बांबूच्या किंवा पऱ्हाट्या-तुराट्यांच्या कुडावर शेणामातीचा लेप चढवून केलेल्या भिंतीकडे वारा, पाऊस आणि परक्याची नजर अडविण्यापलीकडे काही जबाबदारी नसते. मुंबईतील तीस मजली कचेरीची काचेची भिंत, जिला धंद्यातले लोक कर्टन वॉल आणि आपण पडदाभिंत म्हणू, ती कुळाने या कुडाचीच भाऊबंद आहे. मात्र कुड गळला तर घरची बाई दुसऱ्या दिवशी ओंजळभर शेणमाती लिंपून मोकळी होते. बाविसाव्या मजल्यावरचा सांधा गळला तर पाळणे सोडावे लागतात, आणि तोवर पाणी कोणत्या वाटेने आले व कोणत्या खोलीत उतरले याचा थांग लागत नाही. म्हणून ही भिंत उभी राहण्यापूर्वीच तिची खऱ्या मापाची प्रतिकृती करून तिचे हाल केले जातात.

ही रीत अगदी कालपरवाची नव्हे. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये लोखंडाचे आणि काचेचे प्रदर्शनगृह उभारले गेले, तेव्हा त्याच्या सज्जाचा पूर्ण मापाचा तुकडा जमिनीलगत मांडून त्यावर आधी मजुरांना उड्या मारायला लावले, मग सैनिकांना कदम मिळवून चालविले आणि शेवटी तोफेच्या गोळ्यांचे ओझे फिरविले. त्या इमारतीच्या आराखड्यांवर राबलेला रोलंड मेसन ऑर्डिश हाच पुढे मुंबईच्या काळ्या घोड्याजवळील वॉटसन हॉटेलचा रचनाकार झाला. त्या हॉटेलचे लोखंडी भाग विलायतेत ओतून जहाजाने आणले होते. भार लोखंडाने पेलायचा आणि भिंत भारमुक्त ठेवायची, हा विचार आपल्या प्रांतात असा १८६० च्या दशकातच येऊन पोहोचला होता.

आता परीक्षेकडे वळू. पोलादाची आणि प्लायवूडची एक हवाबंद खोली बांधतात. तिची एक बाजू उघडी ठेवून तेथे सुमारे दोन मजले उंचीची नमुन्याची भिंत, तीच काच, तेच अॅल्युमिनियम, तेच रबरी गास्केट वापरून, बसवितात. पंख्याने खोलीतील हवा उपसली की बाहेरची हवा भिंतीवर रेटा देऊ लागते, आणि वादळाची वाट न पाहता वादळ हजर होते. किती रेटा द्यावा, याचा हिशेब वाऱ्याच्या भारतीय मानकावरून निघतो. त्यात नागपूर आणि मुंबई या दोन्ही शहरांसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलोच्या ओझ्याइतका होतो, आणि उंचीप्रमाणे व परिसराप्रमाणे तो आकडा पुढे बदलतो.

परंतु वाऱ्याहून पाणी अधिक कपटी आहे. बाहेरून तोट्यांच्या जाळीतून दर चौरस मीटरवर मिनिटाला ३.४ लिटर पाणी मारतात, म्हणजे पाव तासात ५१ मिलिमीटर पाऊस. त्याच वेळी आत-बाहेर दाबाचा फरक ३०० पास्कल ठेवला, तर तेवढा फरक पाण्याला सांध्यातून तीन सेंटिमीटर वर चढवू शकतो. पाणी नेहमी खालीच वाहते, ही आपली वळचणीखाली उभे राहून झालेली समजूत येथे उपयोगी पडत नाही. म्हणून जाणता रचनाकार सांधा ठार बुजविण्याच्या भरीस पडत नाही; तो सांध्यामागील पोकळीत बाहेरची हवा मुद्दाम येऊ देतो, जेणेकरून दाबाचा फरकच नाहीसा व्हावा आणि चुकून आत आलेले पाणी खालच्या बारीक भोकांतून निमूट बाहेर पडावे. काही परीक्षांत तर विमानाचा पंखा भिंतीसमोर उभा करून झोतांचा मारा करतात. तो आवाज ऐकत, आतल्या बाजूने विजेरी घेऊन एकेका कोपऱ्यात थेंब शोधणाऱ्या माणसांची मुद्रा पाहण्यासारखी असते.

उन्हाचीही गोष्ट आहे, आणि ती यवतमाळकरांना सांगायला नको. तापमानात ५० अंशांचा फरक पडला तर चार मीटर लांबीचा अॅल्युमिनियमचा उभा दांडा साडेचार मिलिमीटरांहून अधिक वाढतो, काच मात्र दोन मिलिमीटरही वाढत नाही. हा भाऊबंदकीचा तंटा गास्केटने आणि सिलिकॉनने मिटवायचा असतो. जोड फार घट्ट झाला तर काय होते, हे बॉस्टनच्या साठ मजली जॉन हॅनकॉक इमारतीने दाखविले. तेथे दुहेरी काचांमधील शिशाचा जोड इतका ताठर होता, की हेलकावे स्वतः न सोसता ते त्याने काचेला दिले. १९७३ च्या जानेवारीत काचा पडल्या, ठिकठिकाणी प्लायवूड ठोकावे लागले, आणि अखेर १०,३४४ काचा बदलाव्या लागल्या. कुडाच्या मातीत कुटार कालविणाऱ्याला जोडाने थोडे नमते घ्यावे हे ठाऊक होते.

माझ्या पाहण्यातील एका परीक्षेत नमुना पहिल्या दिवशी गळला. मला त्यात वावगे वाटले नाही, कारण गळण्यासाठीच तो उभा केलेला होता. वावगे पुढे घडले : मक्तेदाराच्या माणसांनी रात्री त्या सांध्यावर सिलिकॉनचा जादा हात फिरविला, सकाळी नमुना उत्तीर्ण झाला, दाखल्यावर शिक्कामोर्तब झाले, पण त्या जादा हाताची नोंद ना नकाशात झाली ना दप्तरात. इमारतीवर काम करणारी टोळी वेगळी होती. तिने नकाशाबरहुकूम भिंत बसविली, आणि पहिल्याच पावसाळ्यात भिंत नमुन्याप्रमाणेच गळली. तेव्हापासून मी कोणत्याही दाखल्यावरील आकडे वाचण्यापूर्वी दोन कैफियती मागतो : नमुना कोणत्या हातांनी बसविला, आणि परीक्षेच्या काळात त्यात काय काय बदलले.

हिशेबातल्या रेट्याच्या दीडपट दाबाची शेवटची कसोटी संपली की बहुतेक मंडळी चहाला जातात. चांगला तपासनीस मात्र तेथेच थांबतो. भिंत बसविली त्याच्या उलट क्रमाने पट्ट्या सोडवून घेतो, एकेक गास्केट उचलून कोपऱ्यात अडकलेले पाणी बोटाने चाचपतो, जागेचा क्रमांक टाकून घेतो, आणि पंचनाम्याप्रमाणे उपस्थितांच्या सह्या झाल्याशिवाय ती काच भंगाराच्या गाडीत चढू देत नाही.